"अनुभव आहे का?" या प्रश्नावर अडकलेल्या नवीन सिस्टरसाठी

दोंडाईच्याजवळच्या एका गावातल्या मुलीने विचारलंय. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, रिझल्ट लागून चार महिने झाले, धुळे आणि जळगाव मिळून ११ हॉस्पिटलमध्ये बायोडाटा देऊन आली, सगळीकडे तेच, "अनुभव आहे का? नाही? बरं, कळवतो." एका ठिकाणी हो म्हणाले पण ते १२ बेडचं नर्सिंग होम, महिना ८ हजार, ओरिजिनल मार्कशीट त्यांच्याकडे जमा आणि दोन वर्षांचा बाँड. घरचे म्हणतात सुरतला मावशी आहे, तिकडे जा. तिचं म्हणणं, नोकरीच कोणी देत नाही तर अनुभव आणू कुठून, आणि हे ८ हजारवालं धरून टाकू का.

बेटा, मी पण जीएनएमच. १९ वर्षं झाली कामाला, सध्या जळगावात शंभरेक बेडच्या हॉस्पिटलमध्ये नर्सिंग बघते आणि नवीन मुली घ्यायचं काम गेली आठ वर्षं माझ्याकडेच आहे. म्हणजे तू ज्या टेबलापुढे उभी राहतेस त्याच्या पलीकडे मी बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाईत वाचू नको.

पहिले हे समजून घे की "अनुभव आहे का" हा प्रश्न वर्षांचा नसतोच. आमच्याकडे नाईटला एका वॉर्डात २० पेशंट असतात आणि दोन सिस्टर, त्यातली एक आयसीयूला मदतीला गेली की उरली एकच. नवीन मुलगी समोर बसली की माझ्या डोक्यात एवढंच चालू असतं की रात्री अडीच वाजता ही एकटी राहिली तर काय करेल. पेशंट घामाघूम झालेला हिला दिसेल का, दिसला तर बीपी-शुगर बघून लगेच फोन करेल का, की सकाळपर्यंत वाट बघेल. हॉस्पिटलवाल्यांना हे विचारता येत नाही म्हणून ते सरळ अनुभव विचारतात. तुझ्याकडे वर्षं नाहीत हे त्यांना बायोडाट्यावरून दिसतंच आहे. त्यामुळे "नाही" म्हणून गप्प बसायचं नाही, रात्री मला एकटं सोडलं तर मी काय करते हे त्यांना दिसलं पाहिजे. तुझ्या ११ ठिकाणी हेच राहून गेलं असणार असं मला वाटतं, कारण बायोडाटा रिसेप्शनवर देऊन आलीस म्हणालीस, आणि रिसेप्शनवरच्या ड्रॉवरमध्ये असे बायोडाटे थप्पीने पडलेले असतात, ते माझ्यापर्यंत येतच नाहीत.

आता काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत त्या मी ठरवू शकत नाही. घरी पैशाची किती निकड आहे, बाहेरगावी राहू देतात का, लग्नाचं कधी बघताहेत, नाईट करायला घरून परवानगी आहे का. शेवटचं तर स्पष्टच बोलून घे घरी, कारण नाईट करणार नाही म्हटलं की मोठं हॉस्पिटल घेतच नाही आणि त्यांची चूक पण नाही. यातलं काय कसं आहे त्यावर उत्तर थोडं बदलेल. पण बाकीचं बहुतेक सगळ्यांना लागू आहे.

रजिस्ट्रेशनचं आधी. तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालंय का? खूप मुली रिझल्ट लागला की लगेच नोकरी शोधायला लागतात आणि रजिस्ट्रेशन "करू नंतर" म्हणतात. अगं रजिस्ट्रेशन नसेल तर तू कागदावर नर्सच नाहीस, चांगलं हॉस्पिटल तुला ट्रेनी म्हणून घेईल फार तर, आणि तो ट्रेनीचा काळ पुढे कुठे अनुभवात धरतील याची खात्री नाही. अर्ज करायच्या आधी दहावीची मार्कशीट, आधार आणि जीएनएमची मार्कशीट शेजारी शेजारी ठेव आणि नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळव. आपल्याकडे वडिलांचं नाव एका ठिकाणी "भाऊ" लावून असतं, दुसरीकडे नुसतं असतं, आडनाव तर तीन प्रकारे लिहितात. एवढ्यावरून अर्ज परत येतो आणि महिने जातात. अर्ज केला असेल तर पावतीची झेरॉक्स फाईलमध्ये पाहिजेच.

आणि सुरतचा विचार असेल तर हे पण यातच आलं. सुरत म्हणजे गुजरात, तिथे गुजरात नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, म्हणजे आधी आपल्या कौन्सिलचं पूर्ण, मग इथून एनओसी, मग तिकडे अर्ज. आपल्या कितीतरी पोरी दोंडाईचा-नंदुरबारहून गाडीत बसून सुरतला जातात, तिकडे खान्देशी माणूस भरपूर, परकं वाटत नाही, पण रजिस्ट्रेशनशिवाय कुठेतरी कमी पगारात चिकटतात आणि दोन वर्षांनी हातात धड कागद नसतो. जायचं तर जा, मावशी आहे म्हणजे राहायची सोय मोठी आहे, पण कागद आधी सुरू कर.

आता हॉस्पिटलमध्ये जायचं कसं. सकाळी ९ वाजता जाऊ नको, तेव्हा ओव्हर (एका ड्युटीने पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवणं) नुकतं संपलेलं असतं, राऊंड चालू असतो, कोणालाच वेळ नसतो. दुपारी साडेतीन-चारला जा. रिसेप्शनवर "नोकरी आहे का" विचारू नको, "मेट्रन मॅडमना किंवा नर्सिंग इनचार्जना दोन मिनिटं भेटायचंय" म्हण. भेटल्या नाहीत तर त्या कधी असतात ते विचारून परत जा. मी स्वतः दोनदा परत आलेल्या मुलीला जास्त वेळ देते, हे खरं सांगते.

वेळ म्हणजे वर्षातली वेळ पण बघ. आमच्याकडे जागा कधी रिकाम्या होतात? आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास लग्नं होतात, मुली सासरी जातात, मे-जूनमध्ये दोन-तीन तरी कमी होतात. सरकारी भरतीचा निकाल लागला की एकदम चार-पाच जातात. आणि पावसाळा लागला की डेंग्यू, ताप, जुलाब, शेतातला साप, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत वॉर्ड भरलेले. म्हणजे जूनच्या सुरवातीला माझ्यासारखीला माणसं हवीच असतात. नोव्हेंबरात "नाही" म्हणालेलं हॉस्पिटल जूनमध्ये "हो" म्हणू शकतं, म्हणून नकार आला तरी चेहरा पाडून निघू नको, नंबर देऊन ये आणि महिन्याने एक फोन कर.

बायोडाटा एक पानाचा पुरे. त्यात "मेहनती, प्रामाणिक, टीमवर्क" असलं सगळ्यांचंच असतं, त्याऐवजी तुझ्या पोस्टिंग लिही. कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या वॉर्डात, किती आठवडे, आणि हाताने काय केलं. तुमची ती प्रोसिजरची वही असते ना, ट्यूटरची सही घेतलेली, ती बहुतेक मुली परीक्षा झाली की माळ्यावर टाकतात. ती काढ. मागच्या वर्षी यावल तालुक्यातली एक मुलगी आली होती माझ्याकडे, अनुभव शून्य, बोलायला पण बिचकत होती. पिशवीतून ती वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कव्हर फाटलेलं, आत प्रत्येक प्रोसिजरपुढे तारीख, वॉर्ड आणि सही, आणि दोन-तीन ठिकाणी, सलाईनसाठी शिरेत बसवतात त्या इंट्राकॅथबद्दल वगैरे, तिने स्वतः पेन्सिलने लिहिलेलं, "इंट्राकॅथ दुसऱ्या प्रयत्नात लागली, पहिल्यांदा व्हेन सरकली." मला ते वाचूनच कळलं की ही मुलगी स्वतःचं काम बघते. मी तिला तिथल्या तिथे वॉर्डात नेलं, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) उघडून दाखवलं आणि म्हटलं यातलं जे ओळखतेस ते सांग. अर्ध्या गोष्टी ओळखल्या, बाकीच्यांना "मॅडम हे माहीत नाही" म्हणाली, एकदाही अंदाजाने ठोकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घेतली. आज ती माझ्या आयसीयूत आहे.

म्हणजे इंटरव्ह्यूत काय विचारतात तेच सांगते, माझ्याकडून तरी. थिअरी मी फार विचारत नाही. मी सलाईनचा सेट हातात देते आणि म्हणते ५०० एमएल ४ तासात द्यायचंय, किती थेंब ठेवशील. सेटच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं २० थेंब म्हणजे १ एमएल. ५०० गुणिले २० म्हणजे १० हजार थेंब, ४ तास म्हणजे २४० मिनिटं, भागिले की ४२ च्या आसपास मिनिटाला. कागद-पेन घेऊन कर, चालतं, पण "अंदाजाने सोडते" म्हणू नको. लहान मुलांचा मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो हे वेगळं, ते पण बघून घे. मग इंट्राकॅथचे रंग, निळी कुठली, गुलाबी कुठली, हिरवी कुठली, म्हणजे २२, २०, १८, आणि ब्लड लावायचं असेल तर कुठली घेशील. कचऱ्याच्या पिशव्या, सलाईनची रिकामी नळी लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, सुई पांढऱ्या डब्यात, काचेची बाटली निळ्या. पोटॅशियम क्लोराईडचं इंजेक्शन सरळ व्हेनमध्ये देशील का. या शेवटच्याला "नाही मॅडम, सलाईनमध्ये मिसळूनच आणि हळू" असं एका क्षणात उत्तर आलं पाहिजे, इथे जी थांबते तिला मी लगेच वॉर्डात सोडत नाही.

आपल्या भागात अजून एक विचारते, साप चावलेला पेशंट आला तर. चोपडा-रावेरकडे केळीत, इकडे कपाशीत, पावसाळ्यात ही केस येतेच. स्वच्छ कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये २ एमएल ताजं रक्त, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायचं गोठलं की नाही. हे सिस्टरचंच काम असतं बहुतेक ठिकाणी. मुली प्लास्टिकची ट्यूब घेतात किंवा मध्येच पाच मिनिटांनी उचलून बघतात, आणि मग रिपोर्टवर भरवसाच राहत नाही. फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट, त्याला ॲट्रोपिन (त्या विषावरचं इंजेक्शन) चालू असताना काय काय बघत राहायचं, हे पण वाचून जा. पुण्यातल्या पुस्तकी तयारीपेक्षा आपल्याकडच्या हॉस्पिटलात याचं मोल जास्त आहे. आणि अहिराणी येते का, पावरी येते का, थोडी तरी, हे बायोडाट्यात लिही म्हणजे लिहीच. शिरपूर-धडगावकडची म्हातारी माणसं शहरी मराठीत विचारलं की नुसती बघत राहतात, "काय व्हयनं माय?" म्हटलं की सगळं सांगतात, कालपासून लघवी झाली नाही हे पण. त्या एका वाक्याने पेशंट वाचलेला मी बघितलाय.

शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना एकच विचारते. डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली आणि तुला औषधाचं नाव नीट ऐकू आलं नाही, आता ते फोन उचलत नाहीयेत, काय करशील? बऱ्याच मुली म्हणतात "आधीच्या पेपरवर बघून देईन." मला हवं असलेलं उत्तर इतकंच की देणार नाही, परत फोन करेन, आरएमओला (हॉस्पिटलातल्या ड्युटी डॉक्टरला) उठवेन, सीनिअरला विचारेन, आणि ऐकलं की त्यांना वाचून दाखवून मगच देईन. झोपेतून उठवलं म्हणून डॉक्टर ओरडतात, ओरडू दे.

आता ते ८ हजारवालं. इथे मला माझं सांगावं लागेल. माझी पहिली नोकरी अशीच, तालुक्याच्या गावी छोटं नर्सिंग होम, नाव सांगत नाही. तिसऱ्याच रात्री मी एकटी, १४ पेशंट, सोबत एक आया आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले. एका आजोबांना रात्री १० युनिट इन्सुलिन लिहिलेलं. नातेवाईकांनी घरून व्हायल आणली होती, ती १०० ची होती, म्हणजे १ एमएलमध्ये १०० युनिट. माझ्या ट्रेमध्ये सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे ४० ची, १ एमएलला ४० युनिट धरून रेघा मारलेली. मी त्या सिरिंजवर १० ची रेघ बघून भरलं आणि दिलं. १० च्या जागी २५ युनिट गेले. मला कोणी सांगितलंच नव्हतं की टोपणाचा रंग आणि व्हायलवरचा आकडा जुळवायचा असतो, १०० च्या व्हायलला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. पहाटे तीनला आजोबांचा शर्ट भिजलेला, हाक मारली तर डोळे उघडेनात, शुगर ४८. मी जिन्यावरून ओरडत वर गेले. डॉक्टर आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, दहा मिनिटांनी आजोबा बोलायला लागले, त्यांनी पाणी मागितलं. सकाळी मला वाटलं नोकरी सोडावी, पण मार्कशीट त्यांच्याच कपाटात. सोडता पण येईना आणि शिकवायला पण कोणी नव्हतं. अकरा महिने तशीच काढली मी. चूक माझ्या हातून झाली, ती माझीच आहे, पण तीन दिवस झालेल्या मुलीला १४ पेशंट देऊन एकटी सोडणं ही पण चूकच होती, आणि ती होऊ नये म्हणून आज मी नवीन मुलीला पहिले दीड महिना एकटीला नाईट देत नाही. ट्रे तपासताना त्या लाल आणि नारिंगी टोप्या वेगवेगळ्या डब्यात आहेत की नाही हे मी रोज बघते.

म्हणून पहिल्या नोकरीत पगारापेक्षा आधी हे विचार, नवीन मुलीला सीनिअरसोबत किती दिवस ठेवतात, आणि नाईटला वॉर्डात किती सिस्टर. मेट्रनला विचारायला लाज वाटत असेल तर हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर सव्वादोनला उभी राहा, मॉर्निंगच्या मुली सुटतात तेव्हा, त्यांना विचार. पगार वेळेवर होतो का, ऑफ मिळतो का, डबल ड्युटीचे पैसे देतात का, नाईटला डॉक्टर हॉस्पिटलात असतात की घरी. पाच मिनिटांत खरं कळतं. "सहा महिन्यांत किती जणी सोडून गेल्या" हे पण विचार, मला तर याच एका उत्तरावरून हॉस्पिटल ओळखता येतं.

ओरिजिनल कोणालाही द्यायचे नाहीत. दाखवायचे, पडताळून घेऊ द्यायचे, झेरॉक्सवर स्वतःची सही करून द्यायची, ओरिजिनल पिशवीत परत. "सगळेच ठेवतात" म्हणतील, नाही ठेवत, आम्ही नाही ठेवत. उद्या सरकारी भरतीत कागद तपासणीची तारीख आली आणि मार्कशीट त्यांच्या कपाटात असली तर ते देईपर्यंत तारीख निघून जाते, असं झालेलं मी दोन मुलींचं बघितलंय. बाँडवर सही करायचीच वेळ आली तर घरी घेऊन जा, वाच, सोडल्यावर किती पैसे भरायचे ते बघ, कोऱ्या चेकवर तर सही करूच नको.

पगाराचं खरं बोलायचं तर खान्देशात खाजगीत सुरवात कमीच असते आणि त्याचं मला दुःख आहे. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली होती, तिने शिफारस केली की ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलात पण नर्सचा पगार २० हजारांपेक्षा कमी नसावा, आणि २०० च्या वरच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका असावा. पुढचं राज्यांवर सोडलं आणि तिथेच राहिलं. हा आकडा तू माहीत ठेव, मागताना आवाज खाली जात नाही. आणि हातात किती येतं यासोबत पीएफ आहे का विचार, २० किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतो, १० किंवा जास्त असली आणि पगार २१ हजारांच्या आत असला की ईएसआय (कामगार विमा). पगार बँकेत येतो की पाकिटात, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. कारण सांगते.

तू जीएनएम आहेस. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला, नॉरसेट म्हणतात ती, बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमवाल्यांना कमीत कमी ५० बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे ते १२ बेडचं नर्सिंग होम, तिथे तू दोन वर्षं घासलीस तरी या परीक्षेसाठी ती दोन वर्षं मोजायची नाहीत. आज नागपूरला पण एम्स आहे, उद्या तुझं मन झालं तर दार बंद असायला नको. म्हणून शक्य असेल तर पहिली नोकरीच ५० बेडच्या वरची बघ, अपॉईंटमेंट लेटर घे, त्यावर पद "स्टाफ नर्स" लिहिलेलं असू दे, पगार बँकेत, म्हणजे पुढे अनुभव सिद्ध करायला कोणाच्या पाया पडायला लागणार नाही. माझ्या सोबतची एक, पाच वर्षं काम केलं, पाकिटात पगार, लेटर नाही, मालक बदलले आणि ती पाच वर्षं हवेत गेली.

सरकारी भरतीचं पण चालू ठेव. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आता धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहेत, तिथल्या अधिपरिचारिकांना (म्हणजे स्टाफ नर्सना) ३५,४०० च्या मूळ पगाराची श्रेणी आहे, पण जाहिरात कधी येईल ते सांगता येत नाही, तिच्यासाठी घरी बसून राहू नको. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलीच्या हाताची सवय जाते, व्हेन सापडत नाही, हे मी बघते. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी जागा जिल्ह्यात निघत राहतात, पगार साधारण २० हजार, कंत्राट असलं तरी पीएचसी किंवा ग्रामीण रुग्णालयात डिलिव्हरीचा हात चांगला बसतो. जिल्हा परिषदेच्या आणि सिव्हिलच्या नोटीस बोर्डावर लक्ष ठेव, आठवड्यातून एकदा.

तर तुझ्यापुरतं बोलायचं झालं तर मी असं करेन. रजिस्ट्रेशन अडकलंय का ते या आठवड्यात बघेन. धुळे-जळगावातली ५० बेडच्या वरची, महात्मा फुले योजनेचा बोर्ड लावलेली हॉस्पिटलं एका कागदावर लिहून काढेन, कारण योजनेत पेशंट भरपूर असतात, काम भरपूर असतं आणि सिस्टर सतत लागतात. मग वही आणि फाईल घेऊन एका दिवसात दोनच ठिकाणी जाईन, नीट भेटेन. दोन महिने असं करून बघ. घरी पैशाची अगदीच ओढ असेल आणि ते १२ बेडवालंच हातात असेल, तर त्यांना सांग की ओरिजिनल देणार नाही, बाँड करणार नाही, पहिला महिना एकटीला नाईट करणार नाही, या तीनवर हो म्हणाले तर सहा महिन्यांसाठी जा, सोबत बाकीचं शोधत राहा. नाही म्हणाले तर सोडून दे. अशा ठिकाणी माणसं कायम लागतात, सहा महिन्यांनी पण जागा असेलच.

नोकरी लागली की पहिल्याच दिवशी एक काम, हिपॅटायटिस बीच्या इंजेक्शनचं विचार. तीन डोस असतात, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, ट्रेनिंगमध्ये घेतले असतील तर पूर्ण झाले का बघ, नसतील तर हॉस्पिटलने द्यायला पाहिजेत, माग. आणि सुई टोचली तर लपवू नको. नवीन मुली घाबरून लपवतात, इनचार्ज ओरडेल म्हणून. साबण-पाण्याने धू, लगेच सांग, एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, २८ दिवस घ्यायची, सिव्हिलला मिळतात. ओरडणाऱ्या इनचार्जला ओरडू दे, तू औषध घे.

खिशात छोटी डायरी ठेव, रोज शिकलेलं नवीन औषध, त्याचा डोस, किती पाण्यात मिसळायचं, किती वेळात द्यायचं, लिहीत जा. ओव्हर घेताना फाईलवर विसंबू नको, बेडपाशी जा, सलाईन किती उरलंय, कॅथेटरच्या पिशवीत किती आहे, इंट्राकॅथची जागा सुजलीये का, डोळ्याने बघून मग सही कर. पहिले तीन महिने रडू येईल, येतं सगळ्यांना, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन परत यायचं.

रजिस्ट्रेशन कुठे अडकलंय ते कळव. स्पेलिंगचं असेल तर कुठला कागद दुरुस्त करून घ्यायचा ते बघून सांगते, तेवढं माझ्या हातचं आहे. आणि जळगावात येणार असशील तर चारनंतर ये, मी तेव्हा वॉर्डातच असते. वही आणायला विसरू नको.